आमच्या मातोश्रींची स्मृति व एक प्रयोग

गेल्या नाताळच्या सुटींत आम्ही घरीं गेलों, तेव्हां आमच्या मातोश्री पडवींत ऊन खात बसल्या होत्या. आम्हीं जवळ जाऊन त्यांचा हात हातीं घेतला. त्यांनीं क्षणभर आमच्याकडे पाहिलें आणि मोठ्या अदबीनें विचारिलें, "आपण कोणाकडे आलांत?" तीस वर्षें शाळेंत शिकवून शेंकडों मुलांचीं नांवें ज्यांनीं तोंडपाठ ठेविलीं, त्यांस आपल्या थोरल्या मुलाची ओळख पटेना! डॉक्टरांनीं या रोगाचें नांव अल्झायमर असें सांगितलें.

जर्मन डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनीं १९०६ सालीं या रोगाचें वर्णन विद्वानांपुढें मांडिलें. त्यास शतकाहून अधिक काळ लोटला. परंतु गेलेली स्मृति परत आणील असें औषध अद्यापि सांपडलेलें नाहीं.

पुढें थोड्याच दिवसांत धाकट्या भावाचें पत्र आलें. "दादा, मेंदूंत विजेची तार बसवून हा रोग बरा करितात म्हणे. शेत विकूं, पण आईला तिकडे नेऊं." शेत विकण्यास आमची ना नव्हती, पण शिक्षकाच्या संवयीप्रमाणें आम्ही आधीं अभ्यासास बसलों.

या उपायाची हकीकत मोठी चमत्कारिक आहे. कॅनडांतील टोरोंटो शहरीं डॉ. आंद्रेस लोझानो व त्यांचे सहकारी यांनीं एका अतिस्थूल गृहस्थाची भूक आवरावी म्हणून त्याच्या मेंदूंत खोलवर बारीक तारा बसविल्या. प्रवाह सोडतांच भूक राहिली बाजूस, आणि आपण तरुणपणीं मित्रांसह बागेंत आहों असा जुना प्रसंग त्याच्या डोळ्यांपुढें उभा राहिला! हा वृत्तांत २००८ सालीं प्रसिद्ध झाला. तारांजवळून फॉर्निक्स नांवाचा मज्जातंतूंचा जुडगा जातो व स्मृतीच्या कार्यांत त्याचें महत्त्व मोठें आहे. तेव्हां कंपवातावर पूर्वींपासून चालत आलेला हा उपाय विस्मृतीवर कां करूं नये, असा विचार निघाला. प्रथम ६ रोग्यांवर प्रयोग झाला. त्यांच्या मेंदूंत साखरेचा उपयोग वाढलेला दिसला. आशा बळावली.

मग कॅनडा व अमेरिका येथील ४२ रोग्यांवर खरी कसोटी झाली. शस्त्रक्रिया सर्वांचीच झाली. मेंदूंत तारा आणि छातीच्या कातडीखालीं विजेचें यंत्र बसविलें. परंतु वर्षभर निम्म्यांचेंच यंत्र चालू ठेविलें व निम्म्यांचें बंद. कोणाचें चालू व कोणाचें बंद, हें रोग्यांस ठाऊक नाहीं आणि त्यांची परीक्षा घेणारांसही नाहीं. कारण उघड आहे. नुसत्या आशेनेंही माणसास बरें वाटतें, आणि आशेनें पाहणाऱ्यास बरें दिसतेंही.

२०१६ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. स्मृतीच्या कसोट्यांत दोन्ही गटांत म्हणण्याजोगा फरक आढळला नाहीं. पासष्टीपुढील रोग्यांस कांहीं लाभ होत असावा असें दिसलें, तर त्याहून लहान वयाच्यांची स्थिति उलट अधिक ढांसळल्यासारखी दिसली. म्हणून वडील वयाच्या रोग्यांपुरता पुढील प्रयोग योजण्यांत आला.

ज्यांचीं यंत्रें बंद होतीं, त्यांच्या घरच्यांचा विचार आमच्या मनांतून जात नाहीं. तींही आमच्यासारखींच रोज सकाळीं 'आज तरी ओळखतील' म्हणून वाट पाहत असतील. त्या रोग्यांनीं आपलें मस्तक दुसऱ्यांच्या हिताकरितां दिलें. आणि संशोधकांनींही 'जमलें नाहीं' हें लपविलें नाहीं. त्यांनीं निकाल रंगवून सांगितला असता, तर आमचें शेत गेलें असतें आणि मातोश्रींच्या मस्तकास छिद्रें पडलीं असतीं.

विद्यार्थिमित्रहो, प्रयोगशाळेंत उत्तर पुस्तकाप्रमाणें आलें नाहीं कीं तुमच्यापैकीं कांहीं जण आंकडा खोडून शेजाऱ्याचा उतरवितात, हें आम्ही जाणतों. तसें करूं नका. तुमच्या खऱ्या आंकड्यावर उद्यां कोणाची आई अवलंबून असेल.

आम्हीं भावास सर्व लिहून कळविलें. शेत राहिलें आहे. सुटी मिळतांच आम्ही घरीं जातों. मातोश्री अजूनही विचारितात, "आपण कोणाकडे आलांत?"

"आपल्याकडेच," असें आम्ही सांगतों, आणि त्या जवळ बसावयास जागा करून देतात.