औंधच्या टेकडीवरचा राम

आमच्या स्नेह्यांच्या वाचनमंडळासाठी एक सचित्र पुराणग्रंथ घ्यायचे ठरले आणि मराठीचा प्राध्यापक म्हणून निवडीचे काम माझ्या गळ्यात पडले. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पुस्तकांना काय तोटा! १९६७ साली सुरू झालेल्या अमर चित्र कथेपासून गुळगुळीत कागदावरच्या जाडजूड ग्रंथांपर्यंत सारे चाळले. रंग झगझगीत, पण राम बहुतेक एकाच साच्यातला. म्हटले, एकदा औंध गाठावे.

सातारा जिल्ह्यातले हे लहानसे गाव. यमाईचा डोंगर चढताना वाटेतच श्रीभवानी चित्रसंग्रहालय लागते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ साली उभारले. रविवर्म्याची तैलचित्रे येथे निवांत पाहता येतात. पण माझे मन गुंतले ते खुद्द राजेसाहेबांत. ते स्वतः चित्रकार. त्यांचे ‘चित्ररामायण’ १९१६ साली प्रसिद्ध झाले. पुढे १९३९ साली याच राजाने नवी राज्यघटना देऊन कारभार प्रजेच्या हाती सोपवला. राज्य सोडून वनाला निघालेला राम पुष्कळांनी रंगवला. पण आधी राम रंगवून मग आपली सत्ता सोडणारा चित्रकार विरळाच!

मंडळाला मी ‘चित्ररामायण’च सुचवले. “चित्रे जुन्या वळणाची नाहीत का?” एका स्नेह्यांनी शंका काढली. आहेतच. पण वाचकहो, पुराणातली चित्रे घरातल्या मुलांच्या मनात जन्मभर घर करतात. तेथे जाणारा राम कोणाच्या हातचा आहे, हे पाहायला नको का?