एकाच पाटावरचे शेत

अतिदक्षता विभागातून रुग्ण जिवंत बाहेर पडताना पाहण्याइतके निर्भेळ समाधान वैद्याच्या वाट्याला क्वचितच येते. परंतु त्या हिशेबातही काही रकमा मागाहून वसूल व्हायच्या असतात, हे मला २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर, पित्तमार्गात दुर्बिणीने काम करण्याच्या माझ्या व्यवसायाने शिकवले. कोरोनाच्या पाच आठवड्यांत ज्याला आम्ही श्वसनयंत्रावर, कित्येक दिवस पालथा निजवून, रक्तदाबासाठी नॉरअ‍ॅड्रिनलिन चालू ठेवून राखले, आणि ज्याच्या निरोपाला परिचारिकांनी टाळ्या वाजवल्या, तोच चाळिशीचा गृहस्थ दोन महिन्यांनी पिवळे डोळे आणि अंगभर खाजेचे ओरखडे घेऊन समोर बसला व म्हणाला, "साहेब, फुप्फुसं तर बरी झाली ना? मग हे कुठून आलं?"

यकृताच्या पेशींना पाणी दोन पाटांचे: सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या शिरेचे, उरलेले रोहिणीचे, पित्तनलिकांचे शेत मात्र एकट्या रोहिणीवर भिजते. रक्तदाब कोसळला की मेंदू आणि हृदय यांचा वाटा राखण्यासाठी शरीर व आमची औषधे मिळून जे पाट आवळतात, त्यांत हाही असतो. मग नलिकांचे अस्तर मरून गळते, घट्ट पित्तात मिसळून त्याचा साचा बनतो, आणि भिंती व्रणांनी अरुंद होत जातात.

त्याच्या नलिकेतून फुग्याने ओढून काढलेला साचा वाळक्या डहाळीसारखा, काळपट, फांद्याफांद्यांचा होता. त्याने कावीळ काही दिवस उतरली. नलिका मात्र पूर्ववत झाल्या नाहीत, आणि अखेर यकृतरोपणाची गोष्ट मलाच काढावी लागली.

त्या रात्री मी त्याचे जुने कागद काढून बसलो. जर्मन वैद्यांनी २००१ सालीच तीन रुग्णांवरून वर्णिलेला हा विकार मला अपरिचित नव्हता, तरीही तिसऱ्या आठवड्यात चढू लागलेल्या अल्कलाइन फॉस्फटेज व गॅमा जीटीच्या आकड्यांसमोर माझ्याच अक्षरात शेरा होता: "औषधांचा परिणाम असावा." शेरा सर्वस्वी खोटा नव्हता, फक्त तो लिहिताना माझ्या मनात प्रतिजैविके होती, त्याला जगवणारे औषध नव्हते. ते थांबवणे तेव्हाही शक्य नव्हते. पण निरोपाच्या कागदावर "महिन्याने यकृत तपासून घ्यावे" एवढी एक ओळ लिहिणे शक्य होते. आता ती ओळ मी स्वहस्ते लिहितो, टाळ्या सुरू होण्यापूर्वी.