चुंबकामागचा गाळ

प्रिय सई,



तुझा निरोप काल वाचला. चुंबक बनवणाऱ्या प्रकल्पात नोकरीसाठी अर्ज करते आहेस, हे कळून ऊर भरून आला. 'चीनची दादागिरी मोडायची तर कोणीतरी हे शिकायलाच हवं ना, मावशी,' असं तू लिहिलं आहेस. शिकायला हवंच. पण या कामाची आणखी एक बाजू आहे, ती तुझ्या कानावर घातल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

अमेरिका आणि चीन यांच्या स्पर्धेचा विषय निघाला की आपण युद्धनौका मोजायला लागतो, तैवानच्या सामुद्रधुनीकडे बघतो. 2025 च्या एप्रिलमध्ये या स्पर्धेतला मोठा डाव टाकला गेला तो मात्र एका सरकारी आदेशाने. 2 तारखेला ट्रम्प यांनी जगभरच्या मालावर आयातशुल्क जाहीर केलं. दोनच दिवसांत चीनने सात दुर्मीळ मृदा धातूंवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात परवान्याची अट घातली. पुढच्या काही महिन्यांत शिकागोतला फोर्डचा कारखाना आठवडाभर थांबला, जपानमध्ये सुझुकीला स्विफ्टचं उत्पादन थांबवावं लागलं, आणि आपल्या पुण्यातल्या इलेक्ट्रिक दुचाकीवाल्यांनाही चुंबकांची चणचण भासू लागली. अमेरिकेचं शुल्क तोवर 145 टक्क्यांवर जाऊन मे महिन्यात जिनिव्हातल्या बोलण्यांनंतर खाली आलं होतं. ऑक्टोबरमध्ये चीनने नियम आणखी आवळले, मग 30 तारखेला बुसानमध्ये ट्रम्प आणि शी जिनपिंग भेटले आणि ते नवे नियम वर्षभरासाठी बाजूला ठेवले गेले. एप्रिलची अट मात्र उठली नाही. अमेरिकेनेही 2022 पासून प्रगत चिप आणि त्या बनवण्याची यंत्रं चीनला मिळू नयेत म्हणून हाच मार्ग धरला होता. दोघांनी एकमेकांच्या नाड्या नेमक्या ओळखल्या आहेत.

दुर्मीळ मृदा धातूंची ही नाडी चीनच्या हाती आली कशी, हे तू रसायनाची विद्यार्थिनी म्हणून नीट समजून घे. हे धातू एकूण सतरा, आणि जमिनीत ते तसे बरेच आहेत. अवघड आहे ते त्यांना एकमेकांपासून वेगळं करणं, कारण त्यांचे रासायनिक गुण जुळ्या भावंडांसारखे मिळतेजुळते. शू ग्वांगशियान नावाचे रसायनशास्त्रज्ञ 1951 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन, कोरियात युद्ध पेटलेलं असताना, मायदेशी परतले. सांस्कृतिक क्रांतीत त्यांना डांबूनही ठेवलं होतं. त्यातून सुटल्यावर, 1972 साली, प्रेसिओडिमियम आणि निओडिमियम वेगळे करण्याचं काम त्यांच्याकडे आलं. द्रावण एकामागून एका टाकीतून नेत धातू वेगळे करायचे, तर किती टप्पे लागतील आणि कोणत्या टप्प्यावर काय हाती येईल, याचं गणित त्यांनी बसवलं. वर्षानुवर्षं चाचपडत करायच्या चाचण्या त्यामुळे वाचल्या आणि शुद्ध धातू स्वस्तात निघू लागले. तुला या माणसाचा हेवा वाटायला हवा, सई. मला तर वाटतो.

त्याच काळात अमेरिका काय करत होती? कॅलिफोर्नियातली माउंटन पास ही खाण एके काळी जगाला हे धातू पुरवायची. सांडपाण्याची नळी फुटून वाळवंटात गळती झाली, पर्यावरणाचे नियम कडक झाले, चिनी मालाने भाव पाडले आणि 2002 मध्ये ती बंद पडली. आजच्या मोटारींमधलं निओडिमियमचं चुंबक 1980 च्या दशकात जनरल मोटर्स आणि जपानच्या सुमितोमो या दोघांनी स्वतंत्रपणे शोधलं. जनरल मोटर्सने त्यासाठी इंडियानात मॅग्नेक्वेंच ही कंपनी काढली, 1995 मध्ये ती चिनी भागीदार असलेल्या गटाला विकली, अमेरिकी सरकारने मान्यता दिली आणि काही वर्षांत काम चीनमध्ये गेलं. कोणी लुटून नेलं नाही. नफा कमी आणि घाण जास्त असलेलं काम अमेरिकेने अंगाबाहेर टाकलं, ते चीनने चिकाटीने उचललं. आज शुद्धीकरण आणि चुंबकं यांत चीनचा वाटा सुमारे 90 टक्के आहे, आणि 2025 च्या जुलैत अमेरिकी संरक्षण खात्यावर, पुन्हा सुरू झालेल्या माउंटन पासच्या कंपनीत 40 कोटी डॉलर घालण्याची वेळ आली.

पण कामाबरोबर घाणही गेली. इनर मंगोलियातल्या बाओतोऊ शहराबाहेर गाळाचं प्रचंड तळं साठलं आहे. तिथल्या खनिजात किरणोत्सारी थोरियम असतं आणि पीत नदी फार लांब नाही. याविरुद्ध 2005 साली सरकारकडे कळकळीची विनंती करणाऱ्यांमध्ये खुद्द शू ग्वांगशियान होते, तेव्हा त्यांचं वय पंच्याऐंशीच्या घरात. चुंबकाला उष्णतेत टिकवणारं डिस्प्रोशियम आणि टर्बियम दक्षिण चीनच्या टेकड्यांत अमोनियम सल्फेट जिरवून काढत. तिथे निर्बंध आले तेव्हा ते काम सीमेपलीकडे म्यानमारच्या काचिन राज्यात सरकलं. तिथे यादवी चालू आहे, कायदा विचारायला कोणी नाही. अमेरिकेने जे बाओतोऊला पाठवलं, तेच चीनने काचिनला पाठवलं. जुनी महासत्ता आणि नवी महासत्ता यांच्या वागण्यात मला इथे काहीही फरक दिसत नाही, आणि त्याचा संताप येतो.

आता आपली पाळी आहे. आपल्याकडे या धातूंचे सुमारे 69 लाख टन साठे आहेत, बरेचसे केरळ, तामिळनाडू, आंध्र, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत, आणि त्या वाळूतही थोरियम आहेच. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने चुंबकनिर्मितीसाठी 7,280 कोटींची योजना मंजूर केली. घाईत आहोत आपण, आणि घाई समजण्यासारखी आहे. पण 'चीनला उत्तर' म्हणून जे उभं राहील त्याचा गाळ कुठल्या तरी मच्छीमारांच्या वस्तीशेजारी पडणार असेल, तर ते उत्तर मला नको.

म्हणून तू जावंसच असं मला वाटतं. गाळाचा प्रश्न विचारणारं माणूस आतच हवं. मुलाखतीत पगाराच्या आधी तीन गोष्टी विचार: एक टन ऑक्साइडमागे सांडपाणी किती निघतं, थोरियम कोणाच्या ताब्यात जातं, आणि आसपासच्या विहिरींचं पाणी कोण तपासतं. वापरलेल्या मोटारींतून चुंबकं परत काढायचं काम तिथे चालतं का, तेही विचार. काय सांगतात ते मला सविस्तर कळव. आकडे दिले तर आकडे लिही.

तुझी,
मावशी