शून्य किलोमीटरचे भाडे

नोकरीपायी परमुलुखात येऊन राहिलेल्या माणसाला दोन गोष्टींचा गर्व फार लवकर जडतो. एक आपल्या गावाचा आणि दुसरा आपल्या गणिताचा. बंगळुरात आमचे हे दोन्ही गर्व परवा एकाच संध्याकाळी उतरले.

आलेख उभ्या अक्षाला कोठे छेदतो, हे नववीतल्या आमच्या कन्येला शोधायचे होते. आम्ही ऐटीत सांगितले, "उभ्या अक्षावरील प्रत्येक बिंदूचा क्ष शून्य असतो. म्हणून सूत्रात क्षच्या जागी शून्य घालावे. य बरोबर ३क्ष अधिक ४ असेल, तर छेद ४ वर. झाले!" एका क्षला फलाची एकच किंमत असते, तेव्हा असा छेद फार तर एकच असणार, हेही ऐकवून ठेवले.

मग दृष्टांतासाठी रिक्षा निवडली. १ ऑगस्ट २०२५ पासून येथे पहिल्या दोन किलोमीटरना ३६ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला १८ रुपये असा दर लागू झाला. म्हणजे पाच किलोमीटरना ९० रुपये. आम्ही म्हणालो, "पाहा, भाडे म्हणजे अंतराची अठरापट. अंतर शून्य, तर भाडेही शून्य. रेषा थेट आरंभबिंदूतून जाते!"

"पण बाबा, मीटर चालू झाला की लगेच छत्तीस दिसतात ना?"

आम्ही निरुत्तर झालो. अठरापटीचा नियम दोन किलोमीटरांच्या पुढचा. तो आम्ही खुशाल मागे ओढीत शून्यापर्यंत नेला होता. वास्तविक आरंभी आलेख आडवा आहे आणि उभ्या अक्षाला तो ३६ वर भेटतो. शून्य घालायचे, ते शून्यापाशी जो नियम चालतो त्यात.

रात्री मनात आले, ही चूक आम्ही केवळ वहीतच करतो असे नाही. "आपण साताऱ्याचे" असे आम्ही तिला उठताबसता सांगत असतो. परंतु तिचा जन्म मल्लेश्वरमचा. शेजारच्या अज्जींशी ती कन्नडात भांडते, आणि सातारा तिला मे महिन्याच्या सुटीपुरता ठाऊक. आमची रेषा मागे वाढवून तिचा आरंभ ठरविण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला?

दुसऱ्या दिवशी रिक्षावाल्याने तिला सहज गाव विचारले.

"इदे ऊरु," ती म्हणाली. हेच गाव.

ओठांवर आलेला सातारा आम्ही मुकाट्याने गिळला आणि मीटरकडे पाहिले. छत्तीस झालेच होते.