वेगाचा वर्ग

८ जुलै २०२४

सकाळपासून पाऊस नुसता धरून बसलाय. तरी बॅचला सगळे हजर. साखरतरचा मुलगा रेनकोटसकट ओटीवर निथळत उभा राहिला, त्याच्याखाली तळं झालं. मुलं बारावीची, पण सीईटीसाठी अकरावीची उजळणी चाललीय, आणि आज 'कार्य आणि ऊर्जा' काढलं. गतिज ऊर्जेचं सूत्र विचारण्यात अर्थ नाही. सगळे एका सुरात 'हाफ एमव्ही स्क्वेअर' म्हणतात, बे एके बे म्हणावं तसं. म्हणून विचारलं, वेग दुप्पट झाला तर ऊर्जा किती पट? चार पट, हे बहुतेकांना आलं. मग वेग फक्त दहा टक्क्यांनी वाढला तर? 'दहा टक्के.' 'वीस.' एकानं तर 'शंभर' म्हणून टाकलं. चिपळूणहून इथं मावशीकडे शिकायला आलेली मुलगी वहीच्या कोपऱ्यात १.१ चा वर्ग करत होती. ती म्हणाली, 'एकवीस, मॅडम.'

वर्ल्डकपचा कैफ अजून उतरलेला नाही, तेव्हा गणितही तेच दिलं. चेंडू १६० ग्रॅमचा. बुमराहचा ताशी १४० किलोमीटर, कुलदीपचा ९०. दोघांच्या चेंडूंची ऊर्जा काढा. तिघांनी बुमराहचं उत्तर १५६८ ज्यूल काढलं, कारण ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर केलेच नाहीत, ३.६ ने भागायचं राहिलं. चूक लाल शाईनं दाखवण्यात मजा नाही. त्यांना म्हटलं, शंभर ग्रॅमची वस्तू मीटरभर उचलायला साधारण एक ज्यूल लागतो. तुमचे १५६८ ज्यूल म्हणजे तांदळाची पन्नास किलोची तीन पोती एकदम मीटरभर उचलण्याइतके. असा चेंडू बसला तर दांडी तर जाईलच, यष्टिरक्षकही सीमेपार जाईल. हशा झाला आणि सगळ्यांनी आपणहून पुन्हा मांडलं. बुमराह १२१ ज्यूल, कुलदीप ५०. वेग दीडपटीच्या जरासा वर, ऊर्जा जवळजवळ अडीच पट.

उत्तर आल्यावर ते हातात घेऊन त्याचा अंदाज घ्यायचा असतो, हे कुठल्याच गाइडात छापलेलं नसतं.

११ जुलै

शेजारच्या आगरात माडावरून नारळ पडला तो थेट गोठ्याच्या पत्र्यावर. आवाजानं बॅच दचकली. आयता प्रश्न मिळाला. माड बारा मीटर, असोला नारळ दीड किलोचा धरा. पडताना ऊर्जा किती?

सगळ्यांनी आधी वेग काढला. व्ही स्क्वेअर बरोबर टू जीएच, त्याचं वर्गमूळ सेकंदाला १५.३ मीटर. मग हा १५.३ हाफ एमव्ही स्क्वेअरमध्ये घालून पुन्हा त्याचा वर्ग. वर्गमूळ काढायचं आणि लगेच त्याचाच वर्ग करायचा, हा उद्योग मी वर्षानुवर्षं पाहत आलेय. नारळाला वर नेऊन ठेवलं ते झाडानं. बारा मीटरची ती पुंजी पडता पडता गतीत बदलली, एवढंच झालं. दीड गुणिले ९.८ गुणिले बारा, १७६ ज्यूल. कुलदीपच्या चेंडूच्या साडेतीन पट. आणि वाटेत झावळीला घासून वेग थोडा कमी झाला असेल तर? वेगाच्या सूत्रात झावळी घालायला जागा नाही. ऊर्जेच्या हिशेबात झावळीनं खाल्लेली वजा केली की झालं.

मुलांना ट्रिका हव्या असतात. आता ही ट्रिक म्हणायची का, ठाऊक नाही. ऊर्जा आली कुठून आणि गेली कुठं, हे आधी विचारायचं. वेग नंतर, लागलाच तर.

१३ जुलै

आज बॅच गणपतीच्या शाळेत भरवली. आमच्या आळीतल्या शाळेत आषाढात पाय ठेवायला जागा नसते. पाटांवर ओळीनं बिनरंगाच्या मूर्ती, काहींना अजून सोंड नाही, आणि कोपऱ्यात मळलेल्या शाडूचा ढीग. मूर्तिकार माझा जुना विद्यार्थी. त्याची एकच अट, 'बाई, माती घ्या हवी तेवढी, पण त्यात खडा जाता नये.'

सामान साधं. गॅरेजमधून आणलेला बेअरिंगचा छर्रा आणि अगदी त्याच मापाची काचेची गोटी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर छर्रा १६ ग्रॅम भरला, गोटी ५. फळीवर शाडूचा जाड थर, वरून ओल्या फडक्यानं गुळगुळीत केलेला. छर्रा अर्ध्या मीटरवरून सोडला. मातीत वाटीसारखा खळगा पडला. गोटी अर्ध्या मीटरवरून सोडली, तर खळगा अगदीच उथळ.

आता प्रश्न, गोटीनं छर्र्याएवढाच खळगा पाडायला ती किती उंचावरून सोडावी? मिरकरवाड्याचा मुलगा म्हणाला, 'संवेग सारखा पाहिजे.' बरं, सारखा करू. छर्रा सव्वातीन पट जड, म्हणजे गोटीचा वेग सव्वातीन पट हवा, म्हणजे उंची दहा पट. पाच मीटर. शाळेचा माळासुद्धा तेवढा उंच नाही. चिपळूणची म्हणाली, 'ऊर्जा सारखी ठेवून बघू.' मग उंची फक्त सव्वातीन पट, १६० सेंटिमीटर. साखरतरचा उंच मुलगा भिंतीवरच्या खुणेशी हात धरून उभा राहिला आणि गोटी सोडली. खळग्याचं तोंड व्हर्नियरनं मोजलं. अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही. छर्रा उचलून गोटीच्या खळग्यात ठेवला तर चपखल बसला.

मिरकरवाड्याचा गप्प झाला, पण पटलेलं नव्हतं. त्याचं म्हणणं, संवेग सारखा नाही तर मग संवेगाचं काम काय? प्रश्न चांगला आहे. संवेग सांगतो की ठरावीक बळानं वस्तू थांबवायला वेळ किती लागेल. ऊर्जा सांगते की अंतर किती लागेल. मातीनं मोजून दाखवलं ते अंतर. हे त्यानं वहीत लिहून घेतलं, तेव्हा कुठं समाधान झालं.

निघताना मूर्तिकारानं सगळे खळगे अंगठ्यानं बुजवून माती परत ढिगात टाकली.

१५ जुलै

काल संध्याकाळी खेडजवळ, विन्हेरे-दिवाणखवटी दरम्यान, रुळांवर दरड आली. कोकण रेल्वे ठप्प. गेल्याच आठवड्यात पेडण्याच्या बोगद्यात पाणी घुसून गाड्या अडल्या होत्या. बॅचमधल्या एकीचा भाऊ मुंबईहून निघालेला, मध्येच कुठंतरी गाडीत अडकलाय. तिचं लक्ष फोनवर. रागावले नाही.

कोकणातल्या माणसाला दरड म्हटलं की २२ जून २००३ ची रात्र आठवते. वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईला जाणारी हॉलिडे स्पेशल दरडीवर आदळली आणि पन्नासाहून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी १६ जूनला महाडकडच्या करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस. पावसाळी वेळापत्रकाला लोक शिव्या घालतात, गाडी रखडते म्हणतात. म्हणून आज तोच हिशेब फळ्यावर घेतला.

गाडी हजार टनांची धरू. ताशी ११० ला तिची गतिज ऊर्जा ४६७ दशलक्ष ज्यूल. पावसाळ्यात वीर ते कणकवली ७५ ची मर्यादा असते. ७५ ला २१७, म्हणजे निम्म्याहून कमी. वेग मात्र एकतृतीयांशानंच उतरवलाय. मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं तर ४० नं चालवायचं, तेव्हा उरतात ६२. साडेसात पट कमी.

मग अंतर. ब्रेकनं वेग सेकंदाला अर्ध्या मीटर प्रतिसेकंदानं उतरतो असं धरलं. बळ गुणिले अंतर बरोबर हाफ एमव्ही स्क्वेअर, दोन्हीकडचं वस्तुमान उडालं. ११० ला थांबायला ९३४ मीटर, ७५ ला ४३४, ४० ला १२३. कटिंगमधल्या वळणावर, पावसाच्या पडद्यातून, लोको पायलटला पाऊण-एक किलोमीटर पुढची माती दिसणार नाही. शंभर-सव्वाशे मीटरवरची दिसू शकते. चाळीसचा आकडा माझ्या मते इथून येतो, कुणाच्या सुस्तीतून नाही.

फोनवाली मुलगी मध्येच म्हणाली, 'वस्तुमान उडालं तर मालगाडी नि पॅसेंजर एवढ्याच अंतरात थांबतील?' कागदावर, हो. ब्रेकचं बळ वस्तुमानाच्या प्रमाणात असेल तरच. मालगाडीत ते तसं नसतं, आणि ब्रेकच्या नळीतला दाब शेवटच्या डब्यापर्यंत उतरायलाही वेळ लागतो. गृहीतकं नेहमी फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात लिहावीत, पुसू नयेत.

भाऊ सुखरूप आहे. चहा मिळतोय म्हणाला.

१७ जुलै

आषाढी. सुट्टी. खिचडी जरा कच्चीच राहिली.

परवा कुणीतरी विचारलं होतं, हा 'हाफ' येतो कुठून. लायबनिट्झ एमव्ही स्क्वेअरच म्हणायचा, त्याला अर्धा नव्हता. हॉलंडमध्ये ग्रावेसांडेनं पितळी गोळे मऊ मातीत टाकून खळगे मोजले, आपण परवा केलं तेच. एमिली द्यु शातले या फ्रेंच बाईंनी १७४० च्या पुस्तकात त्या प्रयोगांचा आधार घेऊन वेगाच्या वर्गाची बाजू लढवली. अर्धा नीट बसवला तो कोरिऑलिसनं १८२९ मध्ये, कार्याच्या हिशेबातून. वस्तू शून्यापासून वेग घेत असते, ती सगळं अंतर पूर्ण वेगानं तोडत नाही, सरासरी निम्म्या वेगानं तोडते. त्या निम्म्याचा हा अर्धा. मुलांना उद्या एवढंच सांगेन.

१९ जुलै

आज एक तास एकाच प्रश्नात गेला आणि त्याचं काही वाटलं नाही.

चिपळूणच्या मुलीचा प्रश्न. गाडी सेकंदाला १५ मीटरनं चाललीय. डब्यात मी तोच १६० ग्रॅमचा चेंडू पुढच्या दिशेनं सेकंदाला १० मीटरनं टाकला. डब्यातल्यांच्या मते मी चेंडूला ८ ज्यूल दिले. पण फलाटावरचा म्हणेल, चेंडूकडे आधीच १८ होते, आता वेग २५ झाला, म्हणून ५० झाले. ३२ वाढले. हात माझा एकच. खरं कुणाचं?

मिरकरवाड्याचा म्हणाला, फलाटावरच्याचं खोटं, कारण हातात ८ चीच ताकद होती. दुसऱ्यानं उलट बाजू घेतली. मी फळ्यावर फक्त हात काढला. फेकताना हात डब्यात मीटरभर पुढे जातो. ८ ज्यूल मीटरभरात, म्हणजे बळ ८ न्यूटन. वेग शून्यापासून दहापर्यंत, सरासरी ५, म्हणजे वेळ ०.२ सेकंद. तेवढ्यात गाडी किती सरकली? 'तीन मीटर.' म्हणजे फलाटावरून पाहणाऱ्याला हात किती सरकलेला दिसेल?

काही क्षण कुणी बोललं नाही. मग चौघं एकदम, 'चार!' आठ चोक बत्तीस.

दोघंही खरे. पण वरचे २४ कुणी दिले? चेंडू पुढे रेटताना पाय डब्याची जमीन मागे रेटतात, त्याच ८ न्यूटननं, तीन मीटरभर. ते २४ ज्यूल इंजिनानं भरले. साखरतरचा म्हणाला, 'म्हणजे डिझेल आपल्या चेंडूलापण लागतं?' विजेवर चालते आता कोकण रेल्वे, पण हो, लागतं.

२२ जुलै

चिपळूणच्या मुलीचा काका पोफळीच्या वीजघरात. कोयनेचं पाणी सह्याद्रीतून बोगद्यानं पश्चिमेकडे आणून खाली सोडतात. उतार सुमारे पावणेपाचशे मीटर. खाली नोझलमधून धार सुटते ती सेकंदाला ९६ मीटरनं, ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. ती पेल्टन चाकाच्या वाट्यांवर आदळते.

प्रश्न असा, वाटी किती वेगानं पळाली तर पाण्यातली ऊर्जा जास्तीत जास्त निघेल? सूत्रं धरून बसले असते तर पान भरलं असतं. पण शुक्रवारचा फलाट आणि डबा सगळ्यांच्या डोक्यात होता. आपण वाटीत बसू, चिपळूणची म्हणाली. धार ९६ नं येतेय, वाटी ४८ नं पळतेय, तर वाटीला पाणी ४८ नंच आल्यासारखं दिसेल. वाटी ते वळवून ४८ नं मागे टाकेल. आता फलाटावर उतरा. वाटी ४८ पुढे, पाणी तिच्यापासून ४८ मागे. शून्य. पाण्यात काहीच उरलं नाही, सगळं चाकात गेलं. निम्मा वेग, बस.

मिरकरवाड्याच्याला हे रुचलं नाही. 'शून्य वेगाचं पाणी जाणार कुठं? तिथंच साचेल, पुढच्या वाटीच्या मागं थडकेल.' शाबास. म्हणूनच वाटी पाणी पूर्ण उलटं फिरवत नाही, साधारण १६५ अंशांत वळवून बाजूला काढते. मग वाया किती जातं? १५ अंशांचा साइन काढून बघितलं. पाणी सेकंदाला साडेबारा मीटरनं बाजूला निघतं, ऊर्जेतलं शेकडा पावणेदोनच्या आसपास घेऊन. तेवढं द्यावंच लागतं. पुढं त्याला कोळकेवाडीला जाऊन पुन्हा चाकं फिरवायचीत, मग वाशिष्ठीत अवजल म्हणून पडायचंय.

रविवारी ती घरी जाणार आहे. काकाला विचारून येते म्हणाली, त्यांच्या वाटीचा कोन नक्की किती. मिरकरवाड्याच्यानं तिला एक प्रश्न चिठ्ठीवर लिहून दिला, चाक झिजलं की कोन बदलतो का.