तळाचा थर

फेब्रुवारी म्हणजे आमच्या वणी परिसरात द्राक्षकाढणीचा महिना. दिवसभर सारे बागेत असतात, त्यामुळे दवाखान्यात गर्दी होते ती दिवेलागणीनंतर. गेल्या फेब्रुवारीतल्या अशाच एका संध्याकाळी माझे जुने रुग्ण नाना काठी टेकत आले. वय ७४. रक्तदाब मोजला, तो १६८/९४ निघाला. पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजला, तरी १६४/९२. गोळ्या नियमित चालू होत्या, जेवणात मीठही बेताचे होते. तेव्हा मी झोपेविषयी विचारले.

"झोप कुठली, डॉक्टर," ते म्हणाले. "माझ्यापायी पोरीचे मार्क गेले. आता ती जर्मनीला अर्ज करतेय, तर तेच मार्क आडवे येणार."

या दुखण्याची कल्पना मला खरे तर आधीच यायला हवी होती. दोनच दिवसांपूर्वी नानांचा मुलगा माझ्याकडे येऊन गेला होता. मुलीच्या गुणपत्रिकेत एक सत्र पडले आहे, एका विषयात ती नापासही झाली होती, अर्जात त्याचे कारण द्यावे लागेल, असे सांगून तो म्हणाला, "तिला तेव्हा टायफॉइड झाला होता असा दाखला द्या. तारीख तेवढी मागची टाका." मी नाही म्हटले. तो रागावला नाही, पण खट्टू होऊन गेला. दर हंगामात पहिली पेटी माझ्या घरी आणून देणारा माणूस. त्याला नाही म्हणणे मलाही जड गेले.

असा दाखला देणे गुन्ह्याचेच काम आहे. डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाच्या २००२ सालच्या नियमावलीत स्पष्ट म्हटले आहे की, खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या दाखल्यावर सही करणाऱ्याचे नाव नोंदवहीतून काढले जाऊ शकते. पण माझ्या नकारामागे केवळ नियम नव्हता. तो दाखला कसा अंगाशी येतो, हे मी स्वतः अनुभवले आहे.

१९९० साली, दुसऱ्या एम.बी.बी.एस.ला, मी औषधशास्त्रात नापास झालो. कारण सांगण्यासारखे काही नव्हते. पहिल्या वर्षी चांगले गुण मिळाले, डोक्यात हवा गेली आणि अभ्यास केला नाही, एवढेच. सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा देऊन उत्तीर्ण झालो. आमच्या व्यवसायात 'अटेम्प्ट सर्टिफिकेट' नावाचा एक कागद असतो. कोणती परीक्षा कितव्या प्रयत्नात उत्तीर्ण झाली, ते महाविद्यालय त्यावर लिहून देते आणि नोकरीच्या अर्जाला तो जोडावा लागतो. काही वर्षांनी एका मुलाखतीत त्या कागदावर बोट ठेवून मला विचारण्यात आले, "हे काय झाले होते?" मी बेधडक सांगितले, "कावीळ झाली होती." समोरचे वयस्कर डॉक्टर शांतपणे म्हणाले, "असे का? बिलिरुबिन किती होते?" मी म्हणालो, "बारा." ते म्हणाले, "बिलिरुबिन बारा असताना तुम्ही सगळे पेपर दिलेत?" त्यानंतरची शांतता मला अजून आठवते. ती नोकरी मिळाली नाही. एका विषयात नापास झाल्यामुळे ती गेली असती असे मला वाटत नाही. ती काविळीने गेली.

म्हणून मी नानांना म्हटले, "उद्या नातीला कागद घेऊन माझ्याकडे पाठवा. तुम्हीही या."

दुसऱ्या दिवशी रात्री दवाखाना आवरल्यावर तिघेही आले. मुलीने आठही सत्रांच्या गुणपत्रिका टेबलावर मांडल्या. दहापैकी सरासरी गुणांक असे होते: पहिल्या चार सत्रांत ८.३, ८.५, ८.४, ८.६. पाचव्यात ५.९. मग ७.८, ८.९ आणि ९.१. पाचव्या सत्राची गुणपत्रिका तिने सर्वांत खाली ठेवली होती.

त्या पाचव्या सत्रात काय घडले, हे मला ठाऊक होते. अडीच वर्षांपूर्वी पोळ्याला ती नाशिकच्या वसतिगृहातून घरी आली होती. सकाळी चहा पिताना नानांचे तोंड वाकडे झाले, उजवा हात गळाला, बोलणे जड झाले. घरचे म्हणत होते, 'वारं गेलं असेल, जरा पडू द्या.' तिने ऐकले नाही. गाडी काढायला लावली आणि दोन तासांत नाशिकचे रुग्णालय गाठले. मेंदूत गुठळी अडकून झालेल्या पक्षाघातात ती विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. नाना आज काठी घेऊन का होईना, पण चालत येतात, त्याचे बरेचसे श्रेय त्या दोन तासांना आहे. पुढे आई-वडील गोडी छाटणीच्या धांदलीत अडकले. तेव्हा भरवणे, कूस बदलणे, हातापायांचे व्यायाम, गोळ्यांच्या वेळा हे सारे तीन महिने तिने केले आणि परीक्षेच्या आठवड्यात तेवढी ती कॉलेजात गेली.

"मग हे अर्जात का लिहिले नाहीस?" मी विचारले.

"नानांच्या आजारपणाचं भांडवल केल्यासारखं वाटतं, डॉक्टरकाका," ती म्हणाली. "आणि घरी सांभाळत होते हे काय कारण झालं? आजारी मी नव्हतेच."

मी प्रिस्क्रिप्शनच्या पॅडची एक चिठ्ठी उलटी केली आणि आम्ही हिशेब मांडला. जर्मनीत गुणांचे माप उलटे असते: १ सर्वांत चांगला आणि ४ म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. परदेशी गुण त्या मापात बसवण्यासाठी बव्हेरियन म्हणून ओळखले जाणारे एक सूत्र वापरतात. जास्तीत जास्त गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे. आलेल्या आकड्याला जास्तीत जास्त आणि उत्तीर्णतेचे किमान गुण यांतील फरकाने भागायचे, मग ३ ने गुणून १ मिळवायचा. सर्व सत्रांचे वजन सारखे धरले, तर तिची सरासरी ८.१९ येत होती. उत्तीर्णतेची रेषा ४ ची. उत्तर आले १.९. मग पाचवे सत्र वगळून पाहिले. सरासरी ८.५१, उत्तर १.७.

ज्या सत्रापायी नानांची झोप उडाली होती, त्याची किंमत दोन दशांश एवढी होती.

"दोन दशांशांनीसुद्धा जागा जाते, काका," मुलगी म्हणाली. ते खरेच होते. पण नाना चिठ्ठीकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "एवढंच? मला वाटलं, सगळंच गेलं."

आम्हा डॉक्टरांना आकड्यांची सवय असते. प्रयोगशाळेच्या अहवालात नुसता आकडा कधी छापत नाहीत. शेजारी एकक आणि सामान्य मर्यादा असते, आणि जाणता डॉक्टर मागचा अहवालही मागून घेतो. क्रिएटिनिन १.६ आहे, एवढ्यावर काही ठरत नाही. सहा महिन्यांपूर्वी ते २.४ असेल तर समाधान मानायचे आणि ०.९ असेल तर धावाधाव करायची. गुणांचेही तसेच आहे. आपल्या पिढीला 'किती टक्के पडले?' एवढा एकच प्रश्न माहीत होता. आज नातवंडांच्या गुणपत्रिकेवरचे आकडे वेगवेगळ्या मापांचे असतात. 'नीट'चे गुण ७२० पैकी असतात. राज्याच्या सीईटीत पर्सेंटाइल मिळते आणि तेही दशांश चिन्हानंतर सात स्थळांपर्यंत. ९८ पर्सेंटाइल म्हणजे ९८ टक्के गुण नव्हेत. त्या सत्रात परीक्षा दिलेल्यांपैकी ९८ टक्के मुलांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी आहेत, असा त्याचा अर्थ. इंग्लंडच्या विद्यापीठांत ७० गुणांना प्रथम श्रेणी मिळते. आपल्या शेजाऱ्याला ७० सांगितले, तर तो सांत्वन करायला येईल.

म्हणून अर्जात गुण लिहिताना सोबत तीन गोष्टी असाव्यात: कितीपैकी, कोणत्या मापाने आणि क्रमाने. मुलीने मूळ गुणांक जसेच्या तसे लिहिले. मागितल्याशिवाय स्वतःच्या मनाने त्यांचे टक्के केले नाहीत. रूपांतर करायचेच तर आपल्या विद्यापीठाचे अधिकृत सूत्र वापरावे. ज्या अभ्यासक्रमाला अर्ज करायचा, त्याच्या जवळच्या विषयांतले गुण तिने पत्रात आधी मांडले. एकही सत्र गाळले नाही. गाळून उपयोगही नसतो, कारण विद्यापीठाकडून जाणाऱ्या प्रतिलेखात सगळे दिसतेच.

हे ऐकताना नाना अचानक हसले. "पेटी भरताना पोरं वर टपोरे घड लावतात आणि खाली बारके," ते म्हणाले. "पण व्यापारी आधी तळाचाच थर उचकतो. तिथं बारका माल सापडला, की वरच्या चांगल्या मालावरही त्याचा विश्वास बसत नाही."

राहिला प्रश्न पाचव्या सत्राचा. मी नानांना विचारले, "तुमच्या आजाराचे नाव हिने अर्जात लिहिले तर चालेल?" हे विचारणे आवश्यक होते. आजार रुग्णाचा असतो. घरातल्या माणसानेही तो परवानगीशिवाय बाहेर सांगू नये. नाना म्हणाले, "लिही. वारं गेलं होतं असं नको लिहू, पक्षाघात लिही. आणि तू मला उभं केलंस, तेही लिही."

शेवटचे वाक्य तिने लिहिले नाही. तिने चारच वाक्ये लिहिली. आजोबांना अमुक तारखेला पक्षाघात झाला आणि पुढचे तीन महिने त्यांच्या शुश्रूषेची मुख्य जबाबदारी माझ्यावर होती. त्या सत्रात माझे गुण घसरले आणि एका विषयात मी अनुत्तीर्ण झाले. तो विषय पुढच्या परीक्षेत सुटला. त्यानंतरच्या तीन सत्रांचे गुण ७.८, ८.९ आणि ९.१ आहेत. कुठे गयावया नाही, कुठे मोठेपणा नाही.

मीही दाखला दिला, पण माझ्या नोंदींत जेवढे होते तेवढाच. हे गृहस्थ माझे रुग्ण आहेत, अमुक काळात त्यांना पक्षाघातानंतरच्या शुश्रूषेची गरज होती आणि तपासणीच्या सहा भेटींना त्यांची नात सोबत आल्याची नोंद आहे. रात्री ती किती जागली, हे मी पाहिलेले नव्हते, म्हणून लिहिले नाही. मुलीच्या वडिलांनी तो कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "टायफॉइडपेक्षा हे बरं दिसतं."

वाचकहो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी कोणी ना कोणी अंथरुणावर असेल आणि कोणी ना कोणी सांभाळणारे असेल. सांभाळणारी व्यक्ती विद्यार्थिनी असेल, तर तिच्या गुणपत्रिकेवर त्याची खूण उमटणारच. ती लपवू नका. रुग्णालयाचे कागद, तारखा, उपचारांच्या नोंदी नीट जपून ठेवा. दोन वर्षांनी त्यांची गरज पडू शकते. आणि शक्य असेल तर त्याच वेळी कॉलेजला लेखी कळवा. आम्ही ते केले नव्हते, आणि त्याची चुटपुट मला आहे. तेव्हा ते सुचवणे माझेच काम होते.

ज्येष्ठांना एक वेगळी विनंती. पक्षाघातानंतर साधारण तिघांमागे एकाला नैराश्य गाठते. 'मी ओझं झालो', 'माझ्यामुळे पोरांचं नुकसान झालं' हे विचार रात्री छळू लागले, झोप आणि भूक गेली, तर ते मनातच ठेवू नका. डॉक्टरांना सांगा. तो आजाराचाच भाग असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

नानांचा रक्तदाब महिन्याभरात १३८/८४ वर आला. त्यात झोपेचा वाटा किती आणि मी वाढवलेल्या गोळीचा किती, हे मी सांगू शकत नाही. मीही एक काम केले. बारावीला असलेल्या माझ्या मुलाला माझे अटेम्प्ट सर्टिफिकेट काढून दाखवले आणि काविळीची गोष्टही सांगितली. तो इतका हसला की त्याची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

मुलीला दोन विद्यापीठांनी नकार कळवला. तिसऱ्याने प्रवेश दिला. नाना पेढे घेऊन दवाखान्यात आले, तेव्हा चेहरा आनंदी, पण जरा बुचकळ्यात पडलेला.

"काय झाले, नाना?"

"पारावर सगळ्यांनी विचारलं, किती मार्कांवर मिळालं. मी सांगितलं, एक पूर्णांक नऊ. तर सगळे गप्पच झाले, डॉक्टर. एक जण म्हणाला, जाऊ द्या नाना, पुढच्या वर्षी बघू."