गारठ्याचा ठावठिकाणा

तर्कशास्त्राच्या प्राध्यापकास स्वतः तर्क करण्याचा प्रसंग क्वचितच येतो, ही गोष्ट आमच्या व्यवसायाबाहेरील लोकांस खरी वाटणार नाही. जॉन स्टुअर्ट मिल्लने १८४३ साली आपल्या ग्रंथात कारण शोधून काढण्याच्या ज्या पाच पद्धती सांगितल्या, त्या आम्ही गेली २८ वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत. आपल्याकडील अन्वय आणि व्यतिरेक त्यांच्याशी ताडून दाखवीत आलो आहोत. परंतु त्यांचे बोट धरून एखाद्या कारणापर्यंत चालत जाण्याचा योग आम्हांस आला, तो गेल्या जानेवारीत, इंग्लंडात लीड्स शहरी, आमच्या कन्येच्या घरी.

तिच्या पहिल्या बाळंतपणासाठी आम्ही उभयता तेथे गेलो होतो. घर विटांचे, दुमजली. स्वयंपाकघरातील कपाटात बॉयलर. त्यात गॅसवर पाणी तापते, पंप ते नळांतून खोल्याखोल्यांतील रेडिएटरांत ढकलतो, आणि आपली ऊब देऊन निवालेले तेच पाणी पुनः तापावयास माघारी येते. रेडिएटर म्हणजे भिंतीला टेकून उभी असलेली पोलादी पत्र्याची पोकळ पेटी. नावावरून ती किरणांनी ऊब देत असावी असे वाटते. वस्तुतः तिच्याजवळची हवा तापून वर चढते आणि खोलीभर फिरते, तिनेच बहुतेक काम होते.

आम्हांस दिलेली माडीवरची मागील खोली पुढे बाळाची व्हावयाची होती. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने थंड प्रदेशांतील घरांत निदान १८ अंश उष्णता असावी असे सुचविले आहे. आमच्या खोलीतील उष्णतामापक १४ दाखवीत होता. दोन स्वेटर आणि वर शाल पांघरून आमच्या सौभाग्यवती लेकीस सांगत, ‘‘छे, मला कुठं थंडी वाजते?’’ पाहुण्याने यजमानाच्या घरास नाव ठेवू नये, मग ते घर पोटच्या मुलीचे का असेना, या शिष्टाचारात तीन रात्री गेल्या. चौथ्या रात्री खोकल्याची उबळ ओसरल्यावर त्या हळूच म्हणाल्या, ‘‘अहो, आपलं एक सोसू. पण या खोलीत तान्हं मूल कसं ठेवायचं?’’

सकाळी आम्ही कन्येस गंभीरपणे निर्णय सांगितला : तुमचा हा रेडिएटर बिघडला आहे, नवा आणा, नाही तर बॉयलर वाढवा.

ती म्हणाली, ‘‘बाबा, थंड आहे म्हणजे कुठे थंड आहे? वर, खाली, का सगळीकडेच?’’

आम्ही निरुत्तर झालो. तीन दिवस ज्याच्यावर रागावलो होतो, त्याला आम्ही एकदाही नीट हात लावून पाहिला नव्हता!

तिला वाकवत नव्हते. तेव्हा बुद्धी तिची आणि गुडघे आमचे, अशी वाटणी झाली. रेडिएटर वरून थंड आणि खालून गरम असेल तर आत हवा कोंडली आहे असे समजावे. न्हाणीघरातला तसाच निघाला. हीटिंग बंद करून, पाणी निवू देऊन, वरच्या कोपऱ्यातील लहानसा स्क्रू आम्ही किल्लीने किंचित सैल केला, तो फुसफुस करीत हवा निघाली. पाण्याचा थेंब दिसताच स्क्रू आवळला. हवा सोडली की नळांतील दाब उतरतो. म्हणून बॉयलरवरील काटा पाहून थोडे पाणी भरावे लागते. आमच्या खोलीत मात्र स्क्रू सैल करताच पाणीच आले. म्हणजे हवा नव्हती.

खालचा भाग, त्यातही मधला, थंड असेल तर तळाशी गाळ. लोखंड गंजून त्याचा काळा चिखल साचतो, आणि तो धुऊन काढावा लागतो. आमचा रेडिएटर वरखाली सारखाच कोमट. तेव्हा गाळाचाही संशय फिटला. उष्णता पाहून आपोआप उघडझाप करणाऱ्या झडपेची खीळ उन्हाळ्यात अडकून बसते म्हणतात. टोपी काढून ती बोटाने दाबली, तो ती मुकाट्याने खाली गेली आणि उसळून वर आली. बॉयलरच्या झाकणाला मात्र हात लावू नये, अशी कन्येची सक्त ताकीद होती. त्या देशात गॅसचे काम नोंदणीकृत कारागिराकडूनच करवून घ्यावे लागते.

मग ती म्हणाली, ‘‘आता बाकीचे सगळे बंद करा.’’ केले. दहा मिनिटांत आमच्या खोलीतील नळ तापला, आणि अर्ध्या तासाने त्या पेटीवर हात ठेववेना! हाच तो व्यतिरेक, जो आम्ही शेकडो विद्यार्थ्यांकडून पाठ करवून घेतला होता. नळ तुंबला नव्हता, रेडिएटर बिघडला नव्हता. त्याच्या वाट्याला पाणीच येत नव्हते. पाणी सोप्या वाटेने जाते. बॉयलरच्या सर्वांत जवळ दिवाणखाना. शरदात तेथील भिंती रंगविताना कोणा कारागिराने रेडिएटर उतरविला, आणि परत बसविताना त्याची टोपीखालची दुसरी झडप, जी मोजून थोडीशीच उघडी ठेवावयाची असते, ती पूर्ण उघडून ठेवली. बॉयलर वाढविला असता तर दिवाणखानाच अधिक तापला असता. आणि त्या दिवाणखान्यात, त्याच रेडिएटरशेजारच्या खुर्चीत, आम्ही दिवसभर वाचीत बसत होतो.

ती झडप आम्ही साफ बंद केली आणि मग अर्धा फेरा उघडली. जवळच्या इतरांनाही थोडा थोडा लगाम घातला. प्रत्येक फेरफाराचे फळ कळावयास तास दीड तास लागतो; त्यामुळे सगळे जुळून येण्यास तीन दिवस गेले. चौथ्या सकाळी उष्णतामापकाने १८ दाखविले. दिवाणखान्यातील आमची खुर्ची पूर्वीइतकी सुखाची राहिली नाही. फेब्रुवारीत नात झाली. ती त्याच खोलीत निजते, आणि तिची आजी आता शाल पांघरीत नाही.

वर्ग थंड आहे, अशी आमचीही एक जुनी तक्रार आहे. ती आम्ही प्रतिवर्षी प्राध्यापकांच्या खोलीत करतो, आणि तिच्यावर आवाज वाढविण्याचा उपायही प्रतिवर्षी करतो. पहिल्या दोन बाकांवरील मुले उत्तरे देतात, मान डोलावतात; त्यांच्याकडे पाहून आम्ही शिकवीत असतो आणि आम्हांस ऊबही तेथेच मिळते. येत्या जूनमध्ये वर्ग भरला म्हणजे तक्रार करण्यापूर्वी एकवार शेवटच्या बाकापर्यंत चालत जावे, असे मनाशी ठरविले आहे. तेथे नेमके काय आणि किती पोहोचते, हे गेल्या २८ वर्षांत आम्ही कोणाला विचारलेले नाही.